बेटकास्टिंग रिळासाठी दोरा कसा निवडावा : कोल्हापूर परिसरातील नवशिक्यांसाठी

गळाने मासे पकडण्यासाठी काठीवर लावायचे बेटकास्टिंग रीळ विकत घेतल्यावर बहुतेक नवशिके दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतात, "किती किलोचा दोरा भरू?" या रिळासाठी मात्र आधी दोऱ्याची जाडी ठरवावी लागते आणि ताकद तिच्यामागून येते. हा क्रम का पाळायचा, हे एकदा समजले की दुकानातल्या रंगीत डब्यांमधून नेमका दोरा उचलणे फारसे अवघड राहत नाही. म्हणून निवडीकडे वळण्यापूर्वी रिळाचे काम थोडक्यात समजून घेऊ.

स्पिनिंग या दुसऱ्या प्रकारच्या रिळात फेकीच्या वेळी स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, स्थिर असते आणि दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. बेटकास्टिंग रिळात स्पूल स्वतः फिरते. पुढे झेपावणारे आमिष दोरा ओढते, दोरा स्पूल फिरवतो आणि फेक लांबते. आमिषाचा वेग हवेत हळूहळू कमी होतो, पण एकदा गती घेतलेले स्पूल त्याच क्षणी मंदावत नाही. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या दोऱ्यापेक्षा सुटणारा दोरा जास्त होतो, तो स्पूलवरच सैल पडतो, सैल वेढे एकमेकांत शिरतात आणि गुंता होतो. ब्रेक आणि अंगठा हे दोन्ही हा गुंता टाळण्यासाठीच असतात, आणि दोऱ्याची जाडी त्यांच्या बरोबरीने काम करते. पुरेसा जाड आणि मऊ दोरा स्पूलवर एकावर एक नीट बसतो. फार बारीक दोरा ताण आला की खालच्या थरात रुततो. असा रुतलेला दोरा पुढच्या फेकीत मध्येच अडतो, स्पूल जागीच थांबते आणि आमिष तुटून एकटेच पाण्यात जाते.

आधी रीळ आणि काठी वाचा

दुकानात जाण्यापूर्वी रिळाच्या बाजूच्या झाकणावर किंवा स्पूलवर छापलेले आकडे लिहून घ्यावेत. मध्यम आकाराच्या रिळावर "१२/१२०" असे काही लिहिलेले असते, म्हणजे १२ पौंडाचा मोनो (नायलॉनचा एकसंध) दोरा १२० यार्ड मावतो. काही रिळांवर हीच माहिती "०.३३-११०" अशी मिलिमीटर आणि मीटरमध्ये असते. १२ पौंडाचा मोनो साधारण ०.३३ मिलिमीटर जाड असतो आणि १२० यार्ड म्हणजे सुमारे ११० मीटर, तेव्हा दोन्ही नोंदी एकाच क्षमतेच्या आहेत. १ पौंड म्हणजे ०.४५ किलो, एवढे लक्षात ठेवले की डब्यावरचे पौंड आणि किलो यांचा मेळ लावता येतो.

काठीवर मुठीच्या थोडे वर दोन पल्ले दिलेले असतात, एक दोऱ्याच्या ताकदीचा आणि दुसरा आमिषाच्या वजनाचा. नवशिक्याने आमिष त्या पल्ल्याच्या मधले घ्यावे. ७ ते २१ ग्रॅमच्या काठीवर १४ ग्रॅमच्या आसपासचे आमिष शिकण्यासाठी उत्तम. ७ ग्रॅमहून हलके आमिष साध्या बेटकास्टिंग रिळाचे स्पूल नीट फिरवू शकत नाही, आणि अशा वेळी दोष दोऱ्याला दिला जातो. दोऱ्याच्या ताकदीचा पल्ला बहुधा मोनो दोरा गृहीत धरून छापलेला असतो. ब्रेडेड, म्हणजे विणलेला, दोरा त्याच जाडीत कितीतरी अधिक ताकदीचा असल्याने १० ते २० पौंडाच्या काठीवर ४० पौंडाचा ब्रेडेड दोरा चालतो, फक्त ओढ घालताना मर्यादा काठीची धरायची, दोऱ्याची नव्हे.

दोऱ्याचे तीन प्रकार

मोनो म्हणजे नायलॉनची एकसंध तार, आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात तोच. तो मऊ असतो, स्वस्त असतो आणि ताणला जातो. तुटण्यापूर्वी तो मूळ लांबीच्या साधारण २० ते २५ टक्के ताणू शकतो, त्यामुळे माशाने अचानक मारलेला हिसका तो काही प्रमाणात स्वतः पचवतो. नवशिक्याचा हात जड असतो, झटका गरजेपेक्षा मोठा बसतो, आणि अशा वेळी हा ताण उपयोगी पडतो. गुंता झाला तरी मोनो बोटांनी सोडवता येतो. त्याचे दोषही आहेत. तो थोडे पाणी शोषतो आणि ओला असताना किंचित दुबळा होतो, उन्हाने कालांतराने कडक पडतो आणि स्पूलवर बराच काळ राहिला की वेटोळ्यांचा आकार धरून बसतो. जाळी विणण्यासाठी मिळणारा कडक तंगूस स्वस्त आहे म्हणून रिळावर भरू नये. या रिळाला मऊपणा लागतो आणि तिथे काटकसर करून काहीच वाचत नाही.

ब्रेडेड दोरा पॉलिइथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंची वीण असतो. तो जवळजवळ ताणला जात नाही, पाण्यावर तरंगतो आणि त्याच जाडीच्या मोनोपेक्षा कित्येक पट वजन पेलतो. ०.३६ मिलिमीटरचा ब्रेडेड दोरा सुमारे ५० पौंडाचा भरतो, तर तेवढ्याच जाडीचा मोनो १४ पौंडांच्या आसपास. दगडाच्या धारेवर मात्र ताणलेला ब्रेडेड दोरा पटकन कापला जातो, कारण प्रत्येक तंतू केसाहून बारीक असतो. तो कधीही हाताला गुंडाळून ओढू नये. आमिष अडकले तर दोरा लाकडाच्या तुकड्याला चार वेढे देऊन, काठी दोऱ्याच्या रेषेत धरून मागे सरकावे. बोटाभोवती गुंडाळून ओढलेला हा दोरा कातडी खोलवर चिरतो.

फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, कारण प्रकाश वळवण्याचा त्याचा गुणांक सुमारे १.४२ आहे आणि तो नायलॉनच्या १.५३ पेक्षा पाण्याच्या १.३३ ला जवळचा आहे. त्याची घनता पाण्याच्या पावणेदोन पटीहून थोडी अधिक असल्याने तो बुडतो. दगडावर घासला तरी बराच टिकतो. पण तो ताठ असतो, स्पूलवरून उसळी घेतो, एकदा मोड पडली की त्या जागी दुबळा होतो आणि महागही असतो. माझे स्पष्ट मत असे की नवशिक्याने संपूर्ण रीळ फ्लुरोकार्बनने भरू नये. त्याचा मीटरभर तुकडा पुढच्या टोकाला लीडर म्हणून बांधणे पुरेसे आहे. खरेदी करताना डब्यावर "फ्लुरोकार्बन कोटेड" असे लिहिले असेल तर तो आतून नायलॉनच आहे आणि वर फक्त लेप आहे, हे ओळखावे. शंका आली तर दोन बोटे लांबीचा तुकडा पाण्याच्या पेल्यात ओल्या बोटाने पूर्ण बुडवून सोडावा. अस्सल फ्लुरोकार्बन सरळ तळ गाठतो, नायलॉन रेंगाळत खाली जातो.

जाडी किती घ्यावी

पहिला दोरा म्हणून ०.३३ ते ०.३६ मिलिमीटर जाडीचा मोनो घ्यावा. त्याची ताकद १२ ते १४ पौंडांच्या दरम्यान, म्हणजे साडेपाच ते साडेसहा किलो असते आणि आपल्या भागात शिकण्यासाठी ती पुरते. याहून बारीक मोनो स्पूलवर भराभर सुटतो आणि अंगठ्याला सावरत नाही. ०.४० मिलिमीटरच्या पुढे गेले की दोरा ताठ होतो, स्पूलवर कमी मावतो आणि फेक आखूड होते.

ब्रेडेड दोऱ्यात ०.३२ ते ०.४१ मिलिमीटर, म्हणजे साधारण ४० ते ६५ पौंड, हा पल्ला धरावा. कित्येकांना वाटते की मासा ५ किलोचा आहे तर २० पौंडाचा बारीक ब्रेडेड दोरा बास झाला. ताकदीच्या हिशेबाने ते बरोबरही आहे, पण तो दोरा स्पूलवर रुतेल आणि गुंता झाला तर सुईनेही सुटणार नाही. या रिळावर जाड ब्रेडेड दोरा घ्यायचा तो नीट वेढे बसावेत म्हणून. जादा ताकद आपोआप पदरात पडते.

काही डब्यांवर मिलिमीटरऐवजी "पीई" क्रमांक असतो. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर आणि पीई ४ म्हणजे ०.३३ मिलिमीटर. क्रमांक चौपट झाला की जाडी दुप्पट होते. बेटकास्टिंगसाठी पीई ४ पासून सुरुवात करावी.

डब्यावर छापलेली जाडी प्रत्यक्षात तेवढीच असेल असे मात्र नाही. स्वस्त मोनो अनेकदा छापल्यापेक्षा जाड निघतो, कारण तसे केले की लिहिलेली ताकद सहज भरते. कोल्हापूरकरांना याची खात्री करून घेणे इतर कोणापेक्षा सोपे आहे. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा कोणी ना कोणी ओळखीचा असतोच आणि त्याच्या खणात मायक्रोमीटर असतो. मोनोचा तुकडा तीन-चार ठिकाणी मोजून पाहावा. ०.३५ छापलेल्या दोऱ्याचे माप ०.३४ ते ०.३६ च्या आत सगळीकडे सारखे आले तर दोरा चांगला. एका ठिकाणी ०.३३ आणि हातभर पुढे ०.३८ आले तर तो कितीही ताकदीचा असला तरी परत करावा, कारण तो बारीक जागीच तुटेल. ब्रेडेड दोरा असा मोजू नये, तो मायक्रोमीटरच्या जबड्यात चपटा होतो आणि माप खोटे येते.

पाणी कोणते, त्यावर दोरा

पंचगंगेच्या खोऱ्यात बेटकास्टिंग रीळ घेणारा माणूस बहुधा मरळीच्या मागे असतो. मरळ जलपर्णीच्या आणि पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरते. तिच्यासाठी पाण्यावर तरंगणारा रबरी बेडूक वनस्पतींवरून सरकवत आणतात. मरळीने तो घेतला की ती लगेच खाली मुळांच्या जाळ्यात शिरू पाहते. तिथे मोनोचा ताण उलट नुकसान करतो, कारण तो ताणला जाईपर्यंत मासा आत गेलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात जलपर्णीने भरलेल्या पाण्यावर ५० पौंडाचा, फारच दाट आच्छादन असेल तर ६५ पौंडाचा ब्रेडेड दोरा थेट गळाला बांधावा. तरंगत्या बेडकापुढे फ्लुरोकार्बनचा लीडर लावू नये, तो बुडतो आणि बेडकाचे तोंड खाली ओढतो.

बंधाऱ्याच्या खालचे पाणी वेगळे. राजाराम किंवा शिंगणापूरसारख्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखाली काँक्रीटच्या कडा, काळा पाषाण आणि खांबांत अडकलेले लाकूड हे सगळे एकत्र असते. इथे दोऱ्याला घर्षण सोसावे लागते, म्हणून ०.३६ ते ०.४० मिलिमीटरचा मोनो योग्य. ब्रेडेडच वापरायचा असेल तर पुढे मीटर-दीड मीटर ०.४० मिलिमीटरचा लीडर जोडावा. प्रत्येक अर्ध्या तासाने शेवटचा हातभर दोरा अंगठ्याचे नख आणि तर्जनी यांच्यामधून सावकाश ओढून पाहावा. नखाला किंचितही खरखर लागली की तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधावी. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असताना किंवा पाणी वाढत असताना तिथे उभे राहू नये.

मोकळ्या जलाशयावर, जिथे तळ फार खडकाळ नाही आणि फेक लांब हवी, तिथे ०.३३ मिलिमीटरचा मोनो चांगला. हिवाळ्यात पाणी निवळते तेव्हा लीडर फ्लुरोकार्बनचा घ्यावा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात त्याचा तो फायदा उरत नाही. जिल्ह्यातील धरणांवर मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा आधी त्यांची परवानगी घ्यावी. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यावर वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ टाकू नये.

किती मीटर लागेल

ब्रेडेड दोरा महाग असल्याने संपूर्ण स्पूल त्याने भरण्याचे कारण नाही. खाली मोनो आणि वर ब्रेडेड अशी विभागणी करावी. त्याने पैसे वाचतात आणि दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. गुळगुळीत ब्रेडेड दोरा थेट धातूच्या स्पूलवर गुंडाळला तर ताण आल्यावर संपूर्ण गठ्ठाच स्पूलवर घसरून फिरतो. खालचा मोनो त्याला पकड देतो.

हिशेब सोपा आहे. जाडीचा वर्ग करून त्याला लांबीने गुणले की दोऱ्याने व्यापलेल्या जागेचा अंदाज येतो. ०.३३ मिलिमीटरचा दोरा ११० मीटर मावणाऱ्या रिळात ०.३३ गुणिले ०.३३ गुणिले ११०, म्हणजे सुमारे १२ एवढी जागा आहे. त्यावर ०.३६ मिलिमीटरचा ब्रेडेड ५० मीटर हवा असेल तर तो साडेसहा जागा घेतो. उरलेल्या साडेपाच जागेत ०.३३ चा मोनो सुमारे ५० मीटर बसतो. नवशिक्याची फेक पन्नास मीटरपर्यंत जात नाही, त्यामुळे दोन दोऱ्यांमधली गाठ फेकीच्या वेळी स्पूलवरून बाहेर येत नाही. हा अंदाज आहे, शेवटचा निर्णय डोळ्यांनी करावा. स्पूलच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. काठोकाठ भरलेले स्पूल गुंता करते, अर्धे रिकामे स्पूल फेक तोडते.

दोरा भरणे

दोऱ्याचे टोक प्रथम काठीच्या टोकाकडच्या कड्यातून सुरू करून सर्व कड्यांतून, मग रिळाच्या पुढच्या लाइन गाइडमधून, म्हणजे दोरा स्पूलवर सारखा पसरवणाऱ्या कड्यातून, आत घ्यावे. लाइन गाइड विसरला तर सगळा दोरा एकाच जागी ढीग होऊन बसतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. स्पूलवर टोक आर्बर गाठीने बांधावे : स्पूलभोवती फिरवलेल्या टोकाची मुख्य दोऱ्यावर एक साधी गाठ आणि टोकाच्या शेवटी दुसरी गाठ, म्हणजे पहिली घसरली तरी दुसरीपाशी अडते.

दोऱ्याचा डबा, म्हणजे दोरा ज्यावर गुंडाळून येतो ते चाक, पेन्सिलीवर ओवून घरातल्या कोणाला तरी दोन्ही हातांत आडवा धरायला सांगावा. डब्याने रिळाच्या स्पूलसारखेच आडव्या आसावर फिरले पाहिजे. दोरा डब्याच्या वरच्या बाजूने निघून रिळाच्या वरच्या बाजूने आत गेला की त्याला पीळ पडत नाही. डबा जमिनीवर ठेवून दोरा कडेवरून ओढला तर प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ चढतो. भरताना दोरा ओल्या सुती फडक्यात धरून एकसारखा ताण ठेवावा. ब्रेडेडसाठी हा ताण अधिक हवा, इतका की भरून झाल्यावर स्पूलवर अंगठ्याने दाबले असता दोरा दबू नये. सैल भरलेला जाड दोराही रुततो.

मोनो आणि ब्रेडेड जोडायला दुहेरी युनि गाठ वापरावी. ब्रेडेड गुळगुळीत असल्याने त्याच्या बाजूला आठ वेढे आणि मोनोच्या बाजूला पाच वेढे घ्यावेत. गळासाठी ब्रेडेडला पालोमार आणि मोनोला सुधारित क्लिंच या दोन गाठी शिकल्या की बराच काळ तिसरीची गरज पडत नाही. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी तोंडातल्या लाळेने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि मोनो व फ्लुरोकार्बन त्या जागी दुबळे होतात. ब्रेडेड कापायला धारदार कात्री लागते. बोथट कात्रीने टोक फुलते आणि कड्यांतून ओवताना त्रास देते.

पहिल्या फेकीपूर्वी

दोरा बदलला की रिळाची जुळवणी पुन्हा करावी लागते, कारण आमिषाच्या वजनाइतकाच दोऱ्याचा प्रकारही स्पूलच्या वेगावर परिणाम करतो. आमिष काठीच्या टोकाशी लटकवून स्पूल मोकळे सोडावे. हँडलजवळची ताणाची चकती अशी फिरवावी की आमिष सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. बाजूच्या झाकणावरचा ब्रेक दहा अंशांचा असेल तर आठवर ठेवावा आणि सराव वाढेल तसा एकेक अंश कमी करावा. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानावर, गळ काढलेल्या आमिषाने सराव करावा. आमिष जमिनीला टेकण्याच्या क्षणी अंगठा स्पूलवर दाबला गेला पाहिजे. हातात बाकी काही आले नाही तरी एवढी सवय आलीच पाहिजे.

ड्रॅगसाठी, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरा सुटू देणाऱ्या रिळातल्या पकडीसाठी, दोऱ्याच्या ताकदीचा चौथा हिस्सा धरावा. १४ पौंडाच्या मोनोला तो सुमारे १.६ किलो येतो. स्प्रिंगचा वजनकाटा दोऱ्याला बांधून ओढावा आणि त्या आकड्याला ड्रॅग सुटू लागेल असे पाहावे. ब्रेडेडसाठी हा नियम लावू नये. ५० पौंडाचा चौथा हिस्सा साडेपाच किलोच्या वर जातो आणि मध्यम काठी, गळ किंवा माशाचे तोंड त्याआधी हार मानते. तिथे काठीवर छापलेल्या दोऱ्याच्या ताकदीच्या वरच्या आकड्याचा चौथा हिस्सा घ्यावा, आणि दाट जलपर्णीसाठी भक्कम काठी असेल तरच त्याहून वाढवावे.

दोरा कधी बदलावा

मोनो नियमित वापरत असाल तर दर हंगामाला बदलावा. हाताला खडबडीत लागू लागला, पांढुरका दिसू लागला किंवा काठीपुढे सोडल्यावर स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊ लागला, तर हंगामाची वाटही पाहू नये. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत रीळ ठेवल्याने दोरा लवकर खराब होतो. काढलेला मोनो घाटावर टाकू नये, पक्ष्यांचे पाय आणि चरणाऱ्या म्हशींची तोंडे त्यात अडकतात. वीतभर तुकडे करून प्लास्टिकच्या बाटलीत भरून मग कचऱ्यात द्यावा.

ब्रेडेड दोरा बराच टिकतो. रंग उडणे हा बिघाड नाही, तंतू फुलून लव दिसू लागणे हा आहे. झिजतो तो बहुधा पुढचा वीस-पंचवीस मीटरचा भाग, आतला जवळजवळ नवा असतो. अशा वेळी दोरा फेकून न देता मोनोच्या जोडापर्यंत सगळा ब्रेडेड रिकाम्या डब्यावर उतरवावा आणि पुढचे फुललेले मीटर-दोन मीटर कापून टाकावेत. मग त्या डब्यावरचा दोरा दुसऱ्या रिकाम्या डब्यावर एकदा गुंडाळून घ्यावा, म्हणजे झिजलेले टोक बाहेर येते. तेच मोनोला जोडून पुन्हा ओल्या फडक्याच्या ताणाने भरले की आतला न वापरलेला भाग फेकीसाठी वर येतो.